बाहेर थांबलेली उत्तरं

"मशीन ठीक आहे, काका. लोकांनीच उत्तर दिलेलं नाही."

हे वाक्य मी रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला, खुर्चीवरून उठता उठता, पर्स खांद्याला लावत म्हणाले. भाचीच्या बारशाला जायची घाई होती. पण घाईचं निमित्त मी आज पुढे करणार नाही, कारण घाई नसती तरी मी तेच म्हणाले असते. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. मिरजेत स्टेशन रोडला माझं दुकान होतं. दवाखाने, पतसंस्था, दोन शाळा, सगळ्यांची नेटवर्कं मी बसवली होती, आणि माझ्या हातून बसलेलं बंद पडत नाही असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचे.

नेमगोंडा चौगुले, म्हणजे आमचे चौगुले काका, माझ्याकडे बघत राहिले.

"नक्की?"

"नक्की म्हणजे? तुमच्यासमोर मेल पाठवला की. टाकला आणि आला. नावही बरोबर जागी लागलंय. अजून काय पाहिजे?"

"मग बरोबर आहे," काका म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले. काकूंनी माझ्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. लाडू खात मी जिना उतरले.

काका मिरजेतल्याच हॉस्पिटलच्या रक्तपेढीत तेहतीस वर्षं तंत्रज्ञ होते. नोकरीत असताना एकदा एका बाईचं रक्त त्यांनी तपासलं. कागदावर 'ओ' दिसत होतं, पण 'ओ'ची कुठलीच बाटली तिला जुळेना. बॉम्बे ग्रुप. दहा हजारांत एखाद्या माणसाचा असतो, आणि त्याला त्याच गटाचं रक्त लागतं, दुसरं कुठलंही चालत नाही. त्या बाईसाठी कोणी मिळालं नाही आणि ती गेली. त्या दिवसापासून काकांनी यादी सुरू केली. कुठे त्या गटाचा माणूस सापडला असं कळलं की काका एस.टी.नं त्याच्या गावी जायचे, चहा घ्यायचे, समजावून सांगायचे आणि नाव लिहून आणायचे. सतरा वर्षांत सांगली, कोल्हापूर, बेळगाव, विजापूर, सोलापूर मिळून साठ-बासष्ट नावं झाली. त्यांतल्या एकतीस जणांकडे ईमेल होता.

निवृत्तीनंतर काकांनी ती यादी घरातल्या कॉम्प्युटरवर घेतली आणि मेलसुद्धा स्वतःच्या घरातूनच चालवायचा असं ठरवलं. यादीच्या नावानं डोमेन घेतलं. मी म्हणाले होते, "फुकटातले मेल आहेत की काका, कशाला हा खटाटोप?" तर म्हणाले, "कुणाच्या अंगात कसलं रक्त आहे, हे त्यांनी विश्वासानं मला सांगितलंय. ते मी दुसऱ्याच्या कपाटात कशाला ठेवू?" म्हणून हॉलमध्ये, स्टीलच्या कपाटाच्या शेजारी, एका स्टुलावर त्यांचा सर्व्हर चोवीस तास चालू असायचा. तो मीच बसवला होता.

त्या आठवड्यात काय झालं होतं, तर बुधवारी काकांनी इंटरनेटची लाइन बदलली. नव्या कंपनीनं नवा राउटर दिला, नवा पत्ता दिला. मी जाऊन सगळं जुळवलं. डोमेनचं नाव नव्या पत्त्याकडे वळवलं, राउटरमध्ये आकडे भरले, एक मेल पाठवून बघितला आणि निघाले. गुरुवारी सकाळी हेरवाडे मॅडमचा फोन आला. त्या त्याच हॉस्पिटलात स्त्रीरोगतज्ज्ञ. जत तालुक्यातली महानंदा माळी नावाची मुलगी, आठवा महिना, पोटातलं बाळ आडवं, अंगात रक्त कमी आणि गट बॉम्बे. पुढच्या बुधवारी सिझर करायचं, त्याआधी दोन बाटल्या हाताशी हव्यात. काकांनी दहा मिनिटांत एकतीस जणांना मेल टाकला.

गुरुवार गेला. शुक्रवार, शनिवार गेला. एकानंही उत्तर दिलं नाही.

ज्यांचे फोन नंबर वहीत होते त्यांना काकांनी फोन केले. पण ते नंबर जुने, बरेचसे लँडलाइनचे. लागले ते तिघांचे. एक दुबईला गेलेला, एकाला कावीळ झालेली, एकानं पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलेलं. म्हणून रविवारी काकांनी मला बोलावलं होतं, आणि मी सांगितलं होतं की मशीन ठीक आहे.

त्या संध्याकाळी काकांनी हेरवाडे मॅडमना फोन करून सांगितलं, "माणूस मिळत नाही." मॅडमनी ठरवलं की महानंदाला सोमवारी दुपारी चार वाजता अँब्युलन्सनं मुंबईला हलवायचं. तिथे साठवलेल्या बाटल्या मिळण्याची शक्यता होती. त्या अवस्थेत आठ-नऊ तासांचा रस्ता तिला झेपेल का, याची खात्री कोणीच देत नव्हतं.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. सोमवारी सकाळी साडेदहाला मी दुकान उघडलं आणि मेल बघायला बसले. आदल्या संध्याकाळी मी काकांना नव्या राउटरचे पासवर्ड मेलनं पाठवले होते. त्याबद्दल एक सूचना येऊन पडली होती. तुमचा मेल अजून पोचवता आलेला नाही, पाच दिवस आम्ही प्रयत्न करत राहू, तुम्हाला काही करण्याची गरज नाही.

मी ती पुन्हा वाचली. मग पुण्याला फिरोजला फोन लावला. आम्ही डिप्लोमाला एकत्र होतो, तो एका सर्व्हर कंपनीत कामाला होता.

"फिरोज, एक नाव देते. बाहेरून दार वाजवून बघ, मेलचं."

त्याच्या कीबोर्डचा आवाज ऐकू आला.

"नाव सापडतंय. पत्ता मिळतोय." पुन्हा कळा वाजल्या. "पण आत घेत नाही. सरळ नकार येतोय."

"परत बघ."

"परत बघितलं. तिथं काहीतरी चालू आहे, उत्तर देतंय, पण मेल घेणारं ते नाही. वैजू, तू आतून टेस्ट केलीस का?"

आतूनच केली होती. काकांच्या मशीनवरून मी काकांनाच मेल पाठवला होता. तो मेल घराबाहेर गेलाच नव्हता. एका खोलीतल्या माणसानं शेजारी बसलेल्याच्या हातात चिठ्ठी द्यावी, तसा तो गेला होता. आणि त्यावर मी म्हणाले होते, नक्की म्हणजे?

"फिरोज, मी दहा मिनिटांत परत फोन करते. जागेवरून हलू नकोस."

शेजारच्या दुकानदाराला लक्ष ठेवायला सांगून मी स्कूटर काढली. किल्ला भागात काकांच्या घरी पोचायला सात मिनिटं लागली. दार काकूंनी उघडलं. त्यांचे डोळे सुजलेले होते.

"काका?"

"आत पडलेत. रात्रभर कूस बदलत होते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या पोरीला आज मुंबईला नेणार आहेत गं. ह्यांनी माणूस नाही म्हणून कळवलं."

मला तेव्हा सगळं कळलं. मी चपला दारातच काढल्या, थेट कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले आणि राउटरचं पान उघडलं. बाहेरून मेल आला की तो घरातल्या कुठल्या यंत्राकडे द्यायचा, हे तिथे लिहिलेलं असतं. प्रत्येक यंत्राला एक आकडा असतो. जुन्या राउटरवर काकांच्या मशीनचा आकडा दोन होता. मी सवयीनं नव्यातही दोन भरला होता. पण नव्या राउटरनं आपल्या हिशेबानं आकडे वाटले होते. मशीनला पाच दिला होता, आणि दोन दिला होता प्रिंटरला. हॉस्पिटलनं मोडीत काढलेला तो जाडजूड प्रिंटर काकांनी डोनरची कार्डं छापायला घरी आणला होता. बुधवारपासून या घराच्या नावानं जगातून जो कुठला मेल आला असेल तो राउटरनं इमानानं प्रिंटरपाशी नेला होता, आणि प्रिंटरनं तो घ्यायला नकार दिला होता.

मी दोनचा पाच केला. मशीनला तो आकडा कायमचा बांधून टाकला. फिरोजला फोन केला.

"वाजव."

"उघडलं," तो म्हणाला. "मेल टाकतोय."

काकांची मेलपेटी उघडून मी वाट बघू लागले आणि तेव्हाच मला ते दिसलं. न पाठवलेल्या मेलमध्ये एक मेल होता. रविवारी रात्री लिहिलेला, एकतीस जणांच्या नावे. तो उघडायचा अधिकार मला नव्हता, पण पहिल्या दोन ओळी यादीतच दिसत होत्या. 'आपणांपैकी कोणीही उत्तर पाठवले नाही. प्रत्येकाच्या अडचणी असतात, माझी तक्रार नाही. ही यादी मी आजपासून बंद करीत...'

फिरोजचा मेल आला. वर येऊन बसला. मी त्या दोन ओळींवरून नजर काढली आणि उठून आतल्या खोलीत गेले.

काका पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"काका, उठा. चूक माझी आहे. लोकांची नाही."

ते वळले.

"राउटरमध्ये मी आकडा चुकीचा भरला होता. बुधवारपासून बाहेरचा एकही मेल आत आलेला नाही. काल मी आतल्या आत तपासलं आणि तुम्हाला खात्रीनं सांगितलं. आत्ता दुरुस्त केलंय. बाहेरून तपासून घेतलंय."

काका उठून बसले. रागावतील या तयारीनं मी उभी होते. त्यांनी उशाचा चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला.

"म्हणजे उत्तरं आली असतील?"

"आली असतील तर बाहेर थांबलेली असतील. पाठवणारा सर्व्हर पाच दिवस परत परत येऊन बघतो. गुरुवारी ज्यांनी लिहिलं त्यांची मुदत उद्यापर्यंत आहे."

"मग आण की आत."

"ते माझ्या हातात नाही, काका. ते आपल्या वेळेनं येतात. सुरुवातीला लवकर लवकर येतात, मग अंतर वाढवत जातात. तासानं, दोन तासांनी, चार तासांनीसुद्धा."

"अँब्युलन्स चारला आहे," काका म्हणाले. घड्याळात अकरा वीस झाले होते. "मॅडमना फोन लाव आधी."

हेरवाडे मॅडमनी ऐकून घेतलं. त्या कडक बाई होत्या.

"चौगुले, मला शक्यता नको, माणूस पाहिजे. तीनपर्यंत रक्तपेढीत माणूस उभा असेल तर मी गाडी थांबवते. नाहीतर नाही."

"बरोबर आहे, मॅडम," काका म्हणाले.

मग आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. पावणेबारा वाजले. बारा वाजले. मी हात मांडीवर ठेवून बसले होते, कारण आता खरोखर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एरवी काम झालं की मला गप्पा सुचतात. त्या दिवशी मी फक्त घड्याळ बघत होते. काकू उठून भात टाकून आल्या.

बारा वाजून सहा मिनिटांनी पहिला मेल आला. गुरुवारी दुपारी सव्वाचारला लिहिलेला. कागवाडची एक मुलगी, कॉलेजात शिकणारी. 'काका मी तयार आहे पण माझं वजन त्रेचाळीस किलो आहे चालेल का.'

"नाही चालत," काका म्हणाले. पण ते हसले. चार दिवसांनी हसले असतील.

सव्वाबाराला दुसरा, त्याच्या पाठोपाठ तिसरा. गडहिंग्लजचे एक दुकानदार, सोलापूरची एक नर्स. मग मुधोळचे हणमंत बिरादार नावाचे मास्तर, त्यांचे एकदम तीन. गुरुवारचा साधा, 'केव्हा येऊ ते कळवा.' शनिवारचा, 'माझ्या मेलचे उत्तर नाही.' रविवारचा मात्र तापलेला होता. 'आपण बोलावता आणि नंतर विचारतही नाही. मी शाळेतून रजा मंजूर करून घेतली आहे. ही काय पद्धत आहे?'

एक वाजेपर्यंत नऊ जणांची उत्तरं आली होती. काका प्रत्येक मेल मोठ्यानं वाचत होते आणि मधेच थांबून काकूंना सांगत होते, "हा बघ, ह्याच्या घरी आपण उसाचा रस प्यालो होतो." मी फोन नंबर मिळतील तसे लावत होते. सोलापूरची नर्स ड्युटीवर होती, उद्या सकाळी निघते म्हणाली. बिरादार मास्तरांनी फोनवर माझं सगळं ऐकून घेतलं, "बरं, उद्या दहाला पोचतो," म्हणाले आणि ठेवून दिला. पण तीनच्या आत मिरजेत येईल असं जवळचं कोणी मिळेना.

एक वाजून दहा मिनिटांनी इचलकरंजीचा मेल आला. दस्तगीर मोमीन, यंत्रमाग दुरुस्त करणारे. शुक्रवारी लिहिलेला. 'सोमवारी कारखान्याला सुट्टी. चालत असेल तर येतो.' खाली मोबाइल नंबर. मी लावला. बाईनं उचलला.

"मोमीन भाऊ आहेत का? मी मिरजेहून बोलते, चौगुले काकांकडून."

"ते तर तिकडंच गेलेत की," ती म्हणाली. "सकाळी सातच्या गाडीनं. फोन घरीच विसरून गेलेत. का, भेटले नाहीत?"

माझ्या हातातल्या फोनमधलं ऐकू आल्यासारखी काकांनी मान वर केली. मी सांगितलं. त्यांनी शर्टही बदलला नाही. घरातल्या सदऱ्यावरच माझ्या स्कूटरवर मागे बसले.

रक्तपेढीबाहेरच्या बाकावर एक पन्नाशीचा माणूस बसला होता. पांढरा झब्बा, मांडीवर डब्याची पिशवी. खिडकीतल्या कारकुनानं त्याला सांगितलं होतं की चिठ्ठी असल्याशिवाय घेता येत नाही, आणि चिठ्ठी कोणत्या डॉक्टरची हे त्याला माहीत नव्हतं. काका कामावर असते तर त्याला बघताक्षणीच आत नेलं असतं. पण काका निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. तो साडेआठपासून बसला होता.

"मोमीन," काका म्हणाले आणि त्याच्या शेजारी बसलेच. जिन्यानं त्यांना धाप लागली होती.

"चौगुले साहेब. बरं झालं आलात. हे आत घेईनात."

"तुम्हाला माझं उत्तर आलं नव्हतं ना?"

"नाही."

"मग कसे आलात?"

मोमीननं त्यांच्याकडे जरा नवलानं बघितलं.

"उत्तर आलं नाही म्हणूनच आलो. म्हटलं, साहेब आजारी-बिजारी असतील. बाई तर असंलच की तिथं."

काकांनी मोमीनच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच राहू दिला. मी हेरवाडे मॅडमना बोलवायला गेले. त्या आल्या, बाकाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. दोन वाजायला पाच मिनिटं होती. "अँब्युलन्सला सांगा, नको म्हणून," त्या नर्सला म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहायला बसल्या.

मंगळवारी बिरादार मास्तर दहाच्या आधीच हजर झाले. माझ्याशी ते एक शब्दही बोलले नाहीत, पण बाटली भरून दिली आणि बिस्किटंही खाल्ली. त्यांच्या मागून सोलापूरची नर्स आली. बुधवारी महानंदाचं सिझर झालं. मुलगी झाली, सव्वादोन किलोची. एकच बाटली लागली.

गुरुवारी काकांनी मला घरी बोलावलं. सगळ्यांना कळवायचं होतं, आणि ते पत्र मीच लिहावं असं त्यांचं म्हणणं होतं. एव्हाना एकतीसपैकी चौदा जणांची उत्तरं आत आली होती. मी टाइप करायला घेतलं. 'काही तांत्रिक अडचणीमुळे आपली उत्तरे आम्हाला वेळेवर...'

"थांब," काका मागून म्हणाले. "कसली तांत्रिक अडचण?"

"असंच लिहितात, काका."

"काय झालं ते लिही की."

मी ते खोडलं. लिहिलं, 'नवीन राउटर बसवताना मी चुकीचा आकडा भरला. नंतर तपासायला आले तेव्हा बाहेरून न तपासताच सर्व ठीक आहे असे सांगितले. त्यामुळे तुमची उत्तरे पाच दिवस बाहेर राहिली. चूक माझी आहे.' खाली पूर्ण नाव घातलं, वैजयंती खोत, आणि दुकानाचा फोन नंबरही. लिहिताना कान गरम झाले होते. पण लिहून झाल्यावर मला बरं वाटलं, आणि मी पाठवण्यासाठी हात पुढे केला.

"जरा सरक," काका म्हणाले.

मी खुर्ची दिली. ते दोन बोटांनी टाइप करायचे, एकेक अक्षर शोधत. माझ्या नावाखाली त्यांनी एक ओळ सोडली आणि लिहायला लागले. मी उभी राहून वाचत होते.

'तिची चूक आकड्याची होती. माझी वेगळी आहे. उत्तर आले नाही म्हणून तुम्ही कोणी येणार नाही असे मी धरून चाललो, आणि डॉक्टरांना तसे सांगितलेही. सतरा वर्षे तुम्हाला ओळखत असून मी असे करायला नको होते. नेमगोंडा चौगुले.'

"काका," मी म्हणाले, "हे लिहायची काय गरज आहे? त्यांना कुठं माहीत आहे?"

"मोमीनला माहीत आहे," काका म्हणाले. "आणि मला."

त्यांनी चष्मा वर सरकवला, एकतीस नावं वरून खालपर्यंत एकदा नीट बघून घेतली आणि बटण दाबलं. तेच पत्र एकट्या फिरोजलाही वेगळं पाठवलं. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "फिरोजला फोन लाव. बाहेर पोचलं का विचार."